दुखणे थांबले, पाठ सावरली काय?

(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



आमच्या फिजिओथेरपी विभागात कंबरदुखीचे जे रुग्ण येतात, त्यांतील अनेकांची ती पहिली खेप नसते. उसण भरते, चार दिवस अंथरूण धरावे लागते, गोळ्यांनी आराम पडतो आणि माणूस कामाला लागतो. काही महिन्यांनी तीच व्यथा पुन्हा दारात उभी. वाळूजच्या कारखान्यातील कामगार असो, पैठण तालुक्यात वाकून कापूस वेचणारी भगिनी असो, वा कोयता घेऊन ऊसतोडीस निघणारे बीडकडील जोडपे असो, कहाणी तीच. एक्स-रेमध्ये विशेष काही सापडत नाही, आणि मग घरचे व मुकादम दोघेही 'सोंग आहे' म्हणू लागतात.

एक्स-रे हाडे दाखवतो. पाठीचा स्नायू किती वेळ भार पेलू शकेल, हे त्यात दिसत नाही. कण्याला लगटून मल्टिफिडस नावाचे स्नायू असतात. ते मणक्यांना आवरून धरतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठाच्या ज्यूली हाइड्स व सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच कंबर धरलेल्या 39 रुग्णांचे हे स्नायू सोनोग्राफीने मोजले. 1996 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. दुखणे बहुतेकांचे चार आठवड्यांत थांबले. परंतु ज्यांना विशिष्ट व्यायाम दिला नव्हता, त्यांचा बारीक झालेला स्नायू दहाव्या आठवड्यातही भरून आला नव्हता. नंतर प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यानुसार, वर्षभरात त्यांच्यापैकी 84 टक्के लोकांची कंबर पुन्हा दुखली. व्यायाम केलेल्यांत हे प्रमाण 30 टक्के होते. अभ्यास लहान आहे, हे मान्य. तरीही दुखणे थांबताच उपचार सोडणाऱ्या प्रत्येकास आम्ही तो सांगतो.

सोनोग्राफीवाचूनही पाठीची सहनशक्ती मोजता येते. डेन्मार्कचे डॉक्टर बीअरिंग-सोरेन्सन यांच्या 1984 च्या अभ्यासामुळे परिचित झालेली ही चाचणी अगदी साधी आहे. रुग्ण टेबलावर पालथा झोपतो. कमरेखालचा भाग पट्ट्यांनी बांधतात. हात छातीवर घेऊन त्याने धड टेबलाच्या कडेबाहेर आडवे, सरळ धरून ठेवायचे. धड खाली झुकेपर्यंतचे सेकंद मोजायचे. 240 झाले की थांबायचे. तीव्र वेदना, पायातील बधिरता वा हृदयविकार असल्यास ही चाचणी आम्ही करीत नाही.

मात्र या आकड्याला फार मोठे मानू नये. त्यात नितंबांच्या स्नायूंचा वाटा असतो, शरीराच्या वजनाचा असतो, आणि 'पुन्हा उसण भरेल' या भीतीचाही असतो. पुढे कोणाची कंबर दुखेल हे त्यावरून सांगता येते की नाही, याविषयी नंतरच्या अभ्यासांत एकवाक्यता नाही. म्हणून आम्ही रुग्णाची तुलना शेजाऱ्याशी करीत नाही. त्याच्याच मागील नोंदीशी करतो. चाळीस सेकंदांचे साठ झाले की केस पेपरवरील तो आकडा त्याला दाखवतो. शिक्षणाने अडाणी म्हटल्या जाणाऱ्या आयाबायाही तो लक्षात ठेवून येतात!

कामगाराचे सेकंद मोजून तो कामास पात्र आहे वा नाही, ते लिहून द्यावे, अशी विनंती आम्हांस कधीकधी होते. ती आम्ही नाकारतो. ज्या आकड्यावर नोकरी टांगलेली असेल, तो खरा येणार नाही, आणि रुग्ण पुन्हा आमच्याकडे फिरकणार नाही.

या कामास टेबल, पट्टे आणि स्टॉपवॉच पुरते. ते आमच्याकडे आहे. उणीव वेळेची आहे. ऊसतोडीची मंडळी उन्हाळ्याच्या तोंडावर परततात व दिवाळीच्या सुमारास पुन्हा निघतात. मधल्या महिन्यांत मोजणे, व्यायाम शिकवणे आणि निघण्यापूर्वी पुन्हा मोजणे शक्य आहे. परंतु ती दिवसा शेतावर मजुरीला असतात. त्यांच्यासाठी विभाग सायंकाळीही उघडा ठेवता यावा, एवढ्याकरिता आणखी एका फिजिओथेरपिस्टच्या वेतनाची तरतूद आम्ही आपणांकडे मागत आहोत.