कोन्सुआदीचं ताट



नाताळ म्हटला की सांताक्लॉज आणि त्याची पोतडी आलीच. मी ज्या नाताळाबद्दल बोलणार आहे, त्यात सांताक्लॉज नाही, एक ताट आहे. गोव्यातली ख्रिस्ती घरं नाताळात शेजारीपाजारी गोडधोड पाठवतात, ती कोन्सुआद. नाव पोर्तुगीज, ताटातला ऐवज बराचसा इथल्या माडाचा.

दोदोलच घ्या. तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ. एकदा भांडं चुलीवर चढलं की हात थांबवायचा नाही, नाहीतर बुडाला लागतं. एकटीच्या खांद्याला हे झेपत नाही, म्हणून शेजारणी आळीपाळीने घोटायला बसतात. बेबिंकेचा एक थर वरच्या निखाऱ्यांच्या धगीने भाजून झाला की मगच पुढचा ओतायचा. काट्याच्या पाठीवर वळलेली कुलकुलं, चण्याची डाळ नि खोबऱ्याचा दोस, आणि नेवऱ्या. त्या तर गणेश चवथीला आमच्याकडेही होतात.

आम्ही बार्देशातले हिंदू. चवथीला आमचं ताट पलीकडच्या ख्रिस्ती घरी जायचं, नाताळात पलीकडचं आमच्याकडे यायचं. आजीच्या तरुणपणी मात्र ख्रिस्ती घरात शिजवलेलं आमच्यात चालत नसे. तेव्हा तिकडून केळ्यांचा घड आणि नारळ यायचे. त्या सोवळ्याचं कौतुक करायला मी बसलेलो नाही, तो आमचा आडमुठेपणाच. पण पलीकडच्यांनी रागावून पाठवणं सोडलं नाही. जे चालेल ते पाठवलं. पुढे सोवळं सुटलं, तरी आजी अंडं खात नव्हती. मग ताटासोबत झाकलेली एक वाटी यायची. तिच्यात फक्त दोदोल आणि दोस. ती बेबिंकेला लागता कामा नये, असं पलीकडच्या घरची आंटी मुलाला दारातून ओरडून बजावायची.

देण्यातल्या आनंदाबद्दल आपण बोलतो, तेव्हा बहुधा देणाऱ्याकडेच बघत असतो. आंटीचं लक्ष खाणाऱ्याकडे असायचं.

ताट रिकामं परत करायचं नाही, हा दोन्ही घरांचा नियम. काहीच नसलं तर चमचाभर साखर. पण ज्या घरात त्या वर्षी कोणी गेलेलं असतं, तिथे गोड होत नाही, तिथून कोन्सुआद निघत नाही. शेजाऱ्यांची ताटं मात्र तिथे जातात. आजोबा गेले त्या वर्षी आमची चवथ झाली नव्हती. डिसेंबरात ताट आलं. आईने सवयीने साखरेचा डबा काढला, तशी आंटी म्हणाली, "औंदूं नाका गो." आईने डबा फळीवर ठेवला आणि ताट तसंच धुऊन दिलं.

आता बेकरीतले रिबन बांधलेले डबे येतात. त्याला माझी ना नाही. नोकरी करणाऱ्या बाईने तासन्‌तास दोदोल घोटावा असं म्हणणारे पुरुष स्वतः कधी हात लावत नाहीत. फक्त डबा सगळ्यांना एकसारखाच जातो, एवढंच.

आंटीची सून अजून थोडं घरी करते. गेल्या नाताळाआधी तिने विचारलं, "काका, तुमची शुगर वाढलीय म्हणे. दोसात साखर कमी घालू?" माझ्या एकट्यापायी साऱ्या वाड्याचा दोस अगोड! मी म्हटलं, साखर पुरती घाल, वड्या लहान काप.

तिने वड्या नेहमीएवढ्याच कापल्या. माझ्या नावाच्या वाटीत दोनच घातल्या.