ऊर्जा-दारिद्र्य आणि ग्रामसहभाग

(अड्यार, चेन्नई येथील व्याख्यानाचा संक्षेप)

गावात विजेचा खांब उभा राहिला म्हणजे ऊर्जा-दारिद्र्य संपले, असे मानता येत नाही. २००४ च्या व्याख्येनुसार वितरणाची मूलभूत व्यवस्था, सार्वजनिक ठिकाणी वीज आणि किमान १० टक्के घरांना जोडणी एवढ्यावर गाव 'विद्युतीकृत' ठरत असे. एप्रिल २०१८ मध्ये सर्व गावांपर्यंत वीज पोहोचल्याचे जाहीर झाले. घराघरांतील जोडणीसाठी मात्र २०१७ मध्येच 'सौभाग्य' ही स्वतंत्र योजना आखावी लागली होती. जोडणीनंतरही पुरवठ्याचे तास, विजेचा दाब आणि देयक भरण्याची ऐपत हे प्रश्न उरतातच.

७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत इंधन व चारा, ग्रामीण विद्युतीकरण आणि अपारंपरिक ऊर्जा यांचा समावेश केला. या तरतुदींचा अर्थ कोइम्बतूर जिल्ह्यातील ओडनथुराई पंचायतीने कृतीतून दाखविला. पाणीपुरवठा व पथदिव्यांचे वाढते देयक कमी करण्यासाठी तिने २००३ मध्ये पाणी उपसण्याकरिता ९ किलोवॅटचे जैवभार वायूकरण संयंत्र बसविले. २००६ मध्ये सुमारे १ कोटी ५५ लाख रुपये खर्चून ३५० किलोवॅटची पवनचक्की घेतली. त्यांपैकी सुमारे ४० लाख रुपये पंचायतीच्या बचतीचे होते. उर्वरित रक्कम बँकेचे कर्ज होती. स्वतःची गरज भागवून उरलेली वीज राज्याच्या वीज मंडळाला विकली गेली आणि त्या उत्पन्नातून कर्जाचे हप्ते भरले गेले.

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील दरेवाडीचा मार्ग वेगळा होता. मुख्य वीजजाळ्यापासून दूर असलेल्या या वाडीत २०१२ मध्ये ९.४ किलोवॅटचे सौर सूक्ष्मजाल उभे राहिले. भांडवल बाहेरून आले. परंतु व्यवस्थापन ग्रामस्थांच्या विश्वस्त मंडळाकडे आले. घरोघरी मीटर बसले आणि वापरानुसार आकारणी सुरू झाली. अशा प्रकल्पांत बॅटरी बदलण्याची वेळ येते, तेव्हा हाच निधी निर्णायक ठरतो.

तंत्रज्ञान दुर्मीळ राहिलेले नाही. अड्यारलगतच्या मद्रास आयआयटीने घरगुती वापरासाठी एकदिश प्रवाहावर चालणारी सौर प्रणाली विकसित केली. प्रवाहाच्या वारंवार रूपांतरात होणारा ऊर्जेचा अपव्यय तीत टळतो. उणीव असते ती देखभालीची जबाबदारी घेणाऱ्या संस्थेची.

तथापि लोकसहभाग हा शासनाच्या जबाबदारीला पर्याय नव्हे. प्रत्येक पंचायतीपाशी ४० लाखांची बचत नसते. शिवाय चुलीच्या धुराचा भार मुख्यत्वे स्त्रियांवर पडतो. २०१६ च्या 'उज्ज्वला' योजनेने गॅसजोडणी दिली, पण सिलिंडर पुन्हा भरून घेण्याचा खर्च कुटुंबावरच राहिला. म्हणून भांडवल शासनाचे, निर्णय ग्रामसभेचा आणि त्या निर्णयात स्त्रियांचा आवाज, अशी विभागणी झाली तरच प्रकाश टिकेल.