खो देण्याची वेळ



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे ‘घरगुती व्हिडिओ गेममधील जोडीची लढत’ असा विषय छापलेला पाहून आपल्यापैकी काहींनी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली असेल. काल याच व्यासपीठावरून उपनिषदांचा विचार झाला, उद्या विदर्भातील सिंचनाचा व्हायचा आहे. मग मध्येच हा पोरखेळ कुठून शिरला, अशी शंका येणे साहजिक आहे. तेव्हा प्रथमच कबूल करतो, की आम्ही या विषयातले पंडित नाही. आमची बोटे जाड आहेत आणि आमचा या खेळातला बहुतेक काळ हरण्यातच गेला आहे. परंतु हरणाऱ्याला खेळाचे नियम जिंकणाऱ्यापेक्षा बारकाईने कळतात, असा आमचा अनुभव आहे. त्या भरवशावर चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहोत.

गोष्ट 2013 च्या उन्हाळ्यातली. धंतोलीतले आमचे घर तेव्हा उभे होते. वडिलांनी बांधलेले, बैठे, मागे विहीर आणि दारात कडुलिंब. आजूबाजूची तशी घरे एकेक करून जात होती आणि त्यांच्या जागी दवाखाने व सदनिका येत होत्या. आमच्याकडेही 2011 साली एक बिल्डर येऊन गेला. आम्ही त्याच्याशी बोलणी केली, आराखडा करून घेतला आणि मग तो थोरल्या बंधूंपुढे, म्हणजे आमच्या भाऊंपुढे, सहीसाठी ठेवला. भाऊंनी कागद वाचला, घडी घालून परत दिला, आणि त्या दिवसापासून दोन वर्षे आम्ही दोघे एका छपराखाली राहून ‘जेवण झाले का’ आणि ‘विजेचे बिल भरले का’ यांपलीकडे बोललो नाही.

अशा घरात भाऊंच्या चिरंजीवाने बर्डीवरून एक जुना प्लेस्टेशन 3 विकत आणला. बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला, आत कूलरचा आवाज, आणि दिवाणखान्यात चार माणसांना पुरतील एवढे कंट्रोलर. भाऊ त्यांना शेवटपर्यंत रिमोटच म्हणत. खेळाचे नाव ‘स्ट्रीट फायटर एक्स टेकेन’. मधल्या ‘एक्स’चा उच्चार ‘क्रॉस’ असा करायचा, हे आमच्या कन्येने आम्हाला तीनदा सांगितले.

या नावामागे थोडा इतिहास आहे. ‘स्ट्रीट फायटर’ हा कॅपकॉम या जपानी कंपनीचा खेळ, आणि ‘टेकेन’ हा नामको या दुसऱ्या जपानी कंपनीचा. दोघींचा धंदा एकच, म्हणजे स्पर्धा उघड. असे असता 2010 साली दोघींनी जाहीर केले, की एकमेकींची पात्रे घेऊन आपण दोन खेळ काढू. एक ही काढील, एक ती. कॅपकॉमचा खेळ मार्च 2012 मध्ये बाजारात आला. नामकोचा आलाच नाही. भागीदारीत असे होते, हे आपल्या इतवारीच्या व्यापाऱ्यांना निराळे सांगायला नको.

निरनिराळ्या घराण्यांतल्या पात्रांना एका आखाड्यात उतरवण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. कॅपकॉमनेच 1996 साली अमेरिकन चित्रकथांतले एक्स-मेन आणि आपले स्ट्रीट फायटर यांची गाठ घालून दिली. त्यात प्रत्येक खेळणारा दोन गडी निवडी. एक लढत असे, दुसरा बाहेर थांबे, आणि बटणे दाबताच दोघांची अदलाबदल होई. बाहेर गेलेल्या गड्याने गमावलेल्या शक्तीचा काही भाग विश्रांतीत भरून येई. एकट्याच्या लढतीत कौशल्य म्हणजे मारणे आणि मार चुकवणे. जोडीच्या लढतीत आपण केव्हा बाजूला व्हायचे, हे तिसरे कौशल्य त्यात येऊन मिळाले.

तो खेळ दुकानातल्या मोठ्या यंत्रावरून घरी आणताना एक अडचण उभी राहिली. क्षणात गडी बदलायचा तर चारही गड्यांची सगळी चित्रे यंत्राच्या स्मरणात तयार ठेवावी लागतात. सेगा कंपनीच्या सॅटर्न यंत्राला 4 मेगाबाइटची जादा स्मृतीची पेटी जोडून जपानमध्ये हे साधले. सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनची मुख्य स्मृती अवघी 2 मेगाबाइट. म्हणून 1998 च्या त्याच्या आवृत्तीत लढतीच्या मध्ये गडी बदलण्याची सोयच काढून टाकली. ही हकिगत पुढे वाचनात आली तेव्हा आम्हाला आमचा दिवाणखाना आठवला. जागा अपुरी पडू लागली, की पहिली गदा जोडीदारावर येते.

पुढे या खेळाच्या दोन शाखा झाल्या. 2000 साली आलेल्या ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम 2’ मध्ये 56 पात्रे होती आणि एकेका बाजूला तीन-तीन गडी. तिथे एक पडला तर दुसरा लढतो, दुसरा पडला तर तिसरा, आणि तिन्ही पडले म्हणजे हार. ‘टेकेन’च्या जोडीच्या खेळाचा कायदा याहून कडक आहे. दोघांपैकी कोणीही एक पडला, की डाव गेला. दुसरा कितीही ताजातवाना असो. आमच्या घरी आलेल्या खेळाने हा दुसरा कायदा उचलला होता.

या दोन कायद्यांनी खेळणाऱ्याचे मन निराळे होते, हे ध्यानात घ्यावे. पहिल्यात जोडीदार म्हणजे राखीव शिलकीचा माणूस. तो खर्ची पडला तर वाईट वाटते, पण लढत चालू राहते. दुसऱ्यात जोडीदाराचा जीव तोच आपला जीव. आपण नव्वद टक्के शाबूत आहोत, ही फुशारकी तिथे कामाची नाही. म्हणून चांगला खेळणारा डोळ्यांनी सारखा दोन रेघा पाहत असतो. एक स्वतःच्या गड्याच्या शक्तीची आणि एक जोडीदाराच्या.

शिवाय या खेळात चौघांना बसता येत असे. एका बाजूचे दोन गडी दोन निरनिराळ्या माणसांच्या हाती. एका दुपारी मुलांनी आपली जोडी जमवली आणि उरलेले दोन कंट्रोलर आम्हा दोघा भावांच्या हातात दिले. नको म्हणायला तोंड उघडावे लागले असते, आणि आमच्या घरात तेव्हा तीच अडचण होती. भाऊंनी झँगीफ नावाचा रशियन पहिलवान निवडला, कारण तो एकटाच त्यांना व्यायामशाळेतला वाटला. आम्ही पांढऱ्या वेषातला र्‍यू घेतला.

पहिले चार डाव आम्ही आपापले खेळलो, म्हणजे हरलो. भाऊ मार खात असताना आम्ही कौतुकाने पडदा पाहत होतो, आणि आमची पाळी आली तेव्हा ते पन्हे पीत होते. पुतण्या शेवटी वैतागून म्हणाला, “काका, तुम्ही दोघंही काय करून राहिले? बदला ना!” तेव्हा भाऊ प्रथमच बोलले. म्हणाले, “म्हणजे खो द्यायचा. असं मराठीत सांग ना बाबा!”

भाऊ शाळेत असताना खो-खो खेळत. त्या खेळात पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी ओळीने बसलेले असतात, एकाआड एक उलट तोंडे करून, आणि नववा धावतो. धावणाऱ्याला वाटेल तसे वळता येत नाही. दिशा बदलायची तर बसलेल्या गड्याला मागून हात लावून ‘खो’ म्हणायचे आणि त्याच्या जागी स्वतः बसायचे. जो दमेपर्यंत एकटाच धावतो, तो संघाला बुडवतो. कबड्डीतही बाद झालेला गडी आपल्या बाजूने समोरचा मारला, की पुन्हा जिवंत होऊन आत येतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी ज्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यांत कबड्डी होती. तेव्हा जपान्यांनी यंत्रात घातलेली ही कल्पना वऱ्हाड-नागपूरच्या माणसाला परकी वाटण्याचे कारण नाही.

त्या दिवसापासून आमच्या दिवाणखान्यात ‘खो’ हा शब्द रूढ झाला. “मोठेबाबा, काकाला खो द्या!” असे आमच्याच विरुद्ध खेळणारा पुतण्या थट्टेने ओरडे, आणि आमची कन्या त्याला “तू आपल्याकडचा आहेस की त्यांच्याकडचा?” म्हणून दटावी. भाऊ आणि आम्ही एकमेकांना “खो”, “थांब”, “आता ये” एवढे तीन शब्द बोलू लागलो. दोन वर्षांच्या मानाने ही बरीच प्रगती होती.

या खेळात ‘पँडोरा’ नावाची एक युक्ती आहे, आणि आजचे आमचे बोलणे खरे तर तिच्यासाठी आहे. लढणाऱ्या गड्याची शक्ती पावाच्या खाली गेली, की जोडीतल्या एकाचा बळी देता येतो. त्याच्या मोबदल्यात दुसऱ्याच्या अंगात काही सेकंद विलक्षण बळ संचारते. मोठे फटके मारण्यासाठी जी शक्ती एरवी जमवावी लागते, ती तेवढा वेळ संपतच नाही. अट एकच. तेवढ्या सेकंदांत समोरचा पडला नाही, तर आपण आपोआप हरतो.

मे महिन्यातल्या एका रात्री एकेक डाव झाला होता आणि तिसरा निर्णायक चालू होता. भाऊंचा पहिलवान पाव जिवावर आला होता. खो घेऊन त्याला विसावा देणे हा सरळ मार्ग होता. पण आम्हाला मुलांना हरवायचे होते, आणि तेही आमच्या हाताने. आम्ही म्हणालो, “बळी द्या भाऊ, मी संपवतो.” भाऊंनी आमच्याकडे एकदा पाहिले आणि काही न बोलता बटणे दाबली. आमचा र्‍यू भारल्यासारखा आत आला. आम्ही हात दुखेपर्यंत फटके मारले. समोर पुतण्याने शांतपणे दोन पावले मागे घेतली, अडवायचे तेवढे अडवले, एक उडी मारून बाजूला झाला आणि वाट पाहत राहिला. सेकंद संपले. आम्ही पडलो.

मुले हसली. भाऊ कंट्रोलर खाली ठेवीत हळूच म्हणाले, “तुझं नेहमी असंच असतं. आधी ठरवतोस, मग विचारतोस.”

बंधुभगिनींनो, खेळात हरल्याचे दुःख आम्ही बरेच भोगले आहे, पण त्या रात्री झोप आली नाही ती खेळामुळे नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तो आराखडा घेऊन भाऊंच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, “हा फाडून टाकू म्हणाल तर फाडतो. नाहीतर तुम्ही पेन्सिल घ्या.” भाऊंनी पेन्सिल घेतली. त्यांचे म्हणणे ऐकायला तीन आठवडे लागले. घर 2015 साली अखेर पाडले गेले, कारण दोघांच्याही म्हाताऱ्या गुडघ्यांना आणि मुलांच्या संसारांना ते सोयीचे होते. पण कागदावर दोन सह्या एकाच दिवशी झाल्या, आणि दारातला कडुलिंब अजून उभा आहे.

आता आपल्या मनातल्या आक्षेपांकडे वळतो. व्हिडिओ गेमने भांडणे मिटतात असे आम्ही म्हणत नाही. वेळ खाण्याची त्याची ताकद तर आम्ही स्वतः पाहिली आहे, आणि कन्येच्या परीक्षेच्या आधी यंत्र कपाटात कुलूपबंदही केले आहे. धंद्याची हावही त्यात आहे. याच खेळाच्या तबकडीवर बारा पात्रे आधीच भरलेली होती, पण ती कुलपात ठेवून पुढे निराळे पैसे घेऊन उघडली गेली. 2012 साली त्यावरून ग्राहकांत मोठा गदारोळ झाला, आणि तो योग्यच होता. मात्र पैसे लावून खेळायचा जुगार आणि कौशल्याची लढत यांची गल्लत आपण करू नये. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या कायद्यानेही पैशाच्या ऑनलाइन खेळांना बंदी करताना ई-स्पोर्ट्सला निराळे ठेवून मान्यता दिली. त्याआधी, 2023 मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर’ला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले होते.

पालकांना आमची एवढीच विनंती, की मूल असा खेळ खेळत असेल तर दारातून ओरडण्याआधी एकदा शेजारी बसावे आणि दुसरा कंट्रोलर मागावा. आपण हरणार हे ठरलेले आहे. पण आपले मूल जोडीदाराला केव्हा आत बोलावते, त्याची शक्ती कमी झाली तर त्याला सावरते की वापरून टाकते, हे त्या अर्ध्या तासात दिसेल. आणि आपण स्वतः काय करतो, तेही कदाचित दिसेल. आम्हाला ते दिसायला वयाची पन्नाशी उलटावी लागली.

आमचे भाऊ आज समोर तिसऱ्या रांगेत बसले आहेत. हे भाषण देण्यापूर्वी आम्ही त्यांना वाचून दाखवले, आणि या वेळी आधी विचारले. त्यांनी दोन ठिकाणी पेन्सिल फिरवली आणि शेवटी लिहिले, ‘फार लांबवू नको.’ घड्याळही तेच सांगत आहे. तेव्हा अध्यक्षमहाराजांना खो देतो आणि आमच्या जागेवर बसतो.