किलोमीटर कोण मोजतो, पैसा कोणाकडे जातो?

(जबलपूर येथील पक्ष-अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नागपूरहून निघालेला मालट्रक खवासा येथे राज्याची सीमा ओलांडतो, सिवनीवरून लखनादौनला पोहोचतो आणि तेथून जबलपूरचा रस्ता धरतो. वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर त्याला ठरावीक रक्कम मोजावी लागते. त्या टप्प्यातील रस्ता त्याने पूर्ण वापरला की थोडा, याचा हिशेब होत नाही. आता सांगितले जात आहे की ही पद्धत जाईल, वाहन किती किलोमीटर चालले हे उपग्रहाच्या साहाय्याने मोजले जाईल आणि तेवढाच पथकर खात्यातून आपोआप कापला जाईल. 'जितके अंतर, तितका टोल' हे सूत्र वरवर न्याय्य वाटते. म्हणूनच ते वर्गीय दृष्टीने तपासणे अगत्याचे आहे.

अंतरानुसार आकारणीची कल्पना नवी नाही. रस्त्यांच्या विकासासाठी १९२७ साली बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीनुसार पेट्रोलवर अधिभार बसला आणि १९२९ साली मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला. वाहन जितके धावते तितके इंधन जळते. तेव्हा इंधनावरील कर हा अंतरावरचाच कर होय. २००० सालच्या कायद्याने या निधीला वैधानिक आधार मिळाला. म्हणजे प्रत्येक लिटरमागे रस्त्याचे पैसे आधीच दिले जातात. १९९५ साली राष्ट्रीय महामार्ग कायद्यात दुरुस्ती होऊन खासगी भांडवलाला दार उघडले आणि त्याच रस्त्यासाठी नाक्यावर दुसरी वसुली रूढ झाली.

या वसुलीचे २००८ सालचे नियमही प्रतिकिलोमीटर दरावरच आधारलेले आहेत. २००७-०८ साठी मूळ दर मोटारीस ६५ पैसे आणि बस वा ट्रकला २ रुपये २० पैसे असा होता. त्यात दरवर्षी ३ टक्के आणि शिवाय घाऊक किंमत निर्देशांकातील वाढीच्या ४० टक्के इतकी भर पडते. महागाईचा भार कामगाराच्या वेतनात भरून निघण्यासाठी संप करावा लागतो. टोलधारकाला ती भरपाई नियमानेच मिळते.

फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये नियम दुरुस्त करून उपग्रहाधारित आकारणीला मान्यता देण्यात आली. एप्रिल २०२५ मध्ये मात्र केंद्र सरकारने खुलासा केला की अशी पद्धत देशभर लागू करण्याचा निर्णय झालेला नाही. निवडक नाक्यांवर क्रमांकपट्टी वाचणारे कॅमेरे आणि फास्टॅग यांच्या जोरावर अडथळाविरहित वसुली होईल. दरम्यान महाराष्ट्रात ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर प्रवेशापासून निर्गमनापर्यंतच्या अंतरानुसार टोल घेतला जातो. मोटारीचा दर आरंभी किलोमीटरला १ रुपया ७३ पैसे होता. एप्रिल २०२५ पासून तो २ रुपये ६ पैसे झाला. मोजमाप अचूक झाले म्हणून दर कमी झाला नाही, हा त्याचा धडा आहे.

सवलती कोणाला मिळतात हेही पाहावे. २०२४ च्या दुरुस्तीनुसार उपग्रह-यंत्र बसवलेल्या वाहनाला दररोज प्रत्येक दिशेस पहिले २० किलोमीटर माफ आहेत. पण राष्ट्रीय परवान्याची वाहने त्यातून वगळलेली आहेत. १५ ऑगस्ट २०२५ पासून ३००० रुपयांत वर्षभर किंवा २०० फेऱ्यांचा पास सुरू झाला. तोही केवळ खासगी मोटारी, जीप आणि व्हॅनसाठी. कर्ज काढून एकच ट्रक चालवणारा मालक-चालक दोन्हींच्या बाहेर राहतो. मध्य प्रदेशात राज्य परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय २००५ साली झाला. त्यामुळे खासगी बसवरचा टोल सरळ उतारूच्या तिकिटात उतरतो आणि ट्रकवरचा टोल धान्याच्या पोत्यात.

जड वाहनामुळे रस्ता अधिक झिजतो, हे निर्विवाद आहे. आसावरील भार दुप्पट झाला तर झीज दुपटीहून कितीतरी अधिक होते. परंतु कमी भाड्यात जादा माल भरण्याचा दबाव आणणारा बडा मालधनी आकारणीतून सुटतो आणि हिशेब चालकाच्या माथी बसतो.

दुसरा प्रश्न मालकीचा. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय मुद्रीकरण योजनेत ६ लाख कोटींपैकी १ लाख ६० हजार कोटी रुपये रस्त्यांतून उभे करण्याचे लक्ष्य होते. लखनादौन-जबलपूर-कटनी-रीवा हा मार्ग २०२४ साली महामार्ग प्राधिकरणाच्या गुंतवणूक न्यासाकडे गेला. कॅनडातील दोन मोठे निवृत्तिवेतन निधी या न्यासाचे प्रमुख गुंतवणूकदार आहेत. शक्तिमान ट्रक बांधणाऱ्या जबलपूरच्या कामगाराला हे चित्र परिचित आहे. त्याचे सरकारी आयुध कारखानेही १ ऑक्टोबर २०२१ पासून निगमांच्या हवाली झाले.

भांडवली जर्मनीचा अनुभव बोलका आहे. तेथे १ जानेवारी २००५ पासून ट्रककडून उपग्रहाच्या मदतीने अंतरानुसार पथकर घेतला जातो. खासगी कंपन्यांच्या संघाने यंत्रणा उशिरा दिली; वाद २०१८ साली सुमारे ३ अब्ज २० कोटी युरोंच्या तडजोडीने मिटला आणि यंत्रणा सरकारच्या मालकीत आली. पथकरासाठी जमवलेली माहिती अन्य कामासाठी वापरण्यास तेथील कायदा मनाई करतो. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. कोण कधी कोठे गेला याची नोंद साठवणाऱ्या यंत्रावर तसेच स्पष्ट बंधन हवे; अन्यथा संपाला वा मोर्चाला निघालेल्या गाड्यांची यादी तयारच मिळेल.

हे सारे अटळ आहे असे मानण्याचे कारण नाही. कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे आणि प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जनतेने शहरातील टोलविरुद्ध दीर्घ लढा दिला. फेब्रुवारी २०१५ मध्ये कॉ. पानसरे यांची हत्या झाली, तरी लढा थांबला नाही आणि सरकारला तो टोल रद्द करावा लागला. केरळातील पालियेक्करा येथे रस्ता दुर्दशेत असताना टोल घेण्यास उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्थगिती दिली आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

तेव्हा मोजणारे यंत्र फोडणे हा कामगारवर्गाचा कार्यक्रम असू शकत नाही. मागण्या स्पष्ट आहेत. इंधनावरील अधिभार आणि टोल यांचा एकत्र हिशेब जनतेसमोर मांडावा. २००८ च्या मूळ नियमांत मुदतीनंतर दर ४० टक्क्यांवर आणण्याची तरतूद होती; खर्च वसूल झाल्यावर टोल थांबलाच पाहिजे. सार्वजनिक बस आणि एका ट्रकचा मालक-चालक यांना सवलत मिळावी. जादा भाराचा दंड मालधन्याकडून वसूल व्हावा. नाके उठतील तेथील कंत्राटी कामगारांना पर्यायी काम मिळावे. यंत्रणा आणि तिच्यातील माहिती सार्वजनिक मालकीची राहावी.

वाहतूक कामगार, शेतकरी आणि उतारू यांना या मागण्यांवर एकत्र आणणे, हे जबलपूरपासून नागपूरपर्यंतच्या प्रत्येक शाखेचे काम आहे.