बेटावर न उतरलेली सहल

श्रोतेहो, ग्वाल्हेरहून बेटावर सहल नेतो आहे असे सांगितले की ऐकणारा हसतो. समुद्र आमच्यापासून शेकडो मैल दूर! पण मुरैना ओलांडून धोलपूरची वाट धरली की चंबळ लागते. उन्हाळ्यात तिचे पाणी ओसरू लागले की पात्रात ठिकठिकाणी वाळूची बेटे डोके वर काढतात. ईस्टरच्या सुट्टीत दहा-बारा विद्यार्थ्यांना घेऊन मी अशाच एका बेटाकडे निघालो. हेतू एवढाच की, पुस्तकात नसलेले किडे मुलांनी स्वतः शोधावेत. १९७८-७९ मध्ये तीन राज्यांनी मिळून चंबळ नदीचे अभयारण्य केले. तेव्हा काही पकडायचे नाही, भिंगातून पाहायचे व वहीत लिहायचे, असा नियम मी आधीच घालून दिला होता.

नाव येईपर्यंत तीरावरच शोध सुरू झाला. कोरड्या वाळूत नरसाळ्याच्या आकाराचे इवले इवले खड्डे दिसले. त्यांच्या तळाशी एक अळी दबून बसते आणि घसरून आलेल्या मुंगीला जबड्यात धरते. हीच अळी पुढे पंख फुटून चतुरासारखी दिसू लागते, हे मुलांना खरेच वाटेना. पाण्याच्या कडेला व्याघ्र भुंगेरे धावत होते. धावायचे, थबकायचे, पुन्हा धावायचे. हा किडा इतका वेगाने पळतो की पळताना त्याला भक्ष्य नीट दिसतच नाही. म्हणून त्याला थांबून पाहावे लागते. आम्हां माणसांनाही ती सवय असती तर बरे झाले असते, असे मला थोड्याच वेळाने वाटणार होते.

नाव बेटाजवळ आली. लांब सुसरी ऊन खात पडल्या होत्या. मुले उतरण्यासाठी उभी राहिली, तोच नावाड्याने वल्हे आडवे धरले. "मास्टरजी, इथे उतरायचे नाही," तो म्हणाला. मी दहाच मिनिटे मागितली. त्याने नुसते बोट दाखविले. वाळूवर काळ्या-पांढऱ्या अंगाचे, केशरी चोचीचे पक्षी बसले होते. ते पाणचिरे. खालची चोच वरचीपेक्षा लांब. ती पाण्यात बुडवून, पाणी चिरीत उडत ते मासे टिपतात. मार्च ते मे हा त्यांचा विणीचा काळ. घरटे म्हणजे वाळूतली नुसती खळगी, आणि अंडी वाळूच्याच रंगाची. माणूस जवळ आला की पक्षी उठतात आणि त्या भाजत्या वाळूवर अंडी उघडी पडतात. एरवी आई-बाप पोटाची पिसे नदीत भिजवून येतात व अंड्यांना गारवा देतात.

जगात हे प्रौढ पक्षी तीन हजारांच्या आत उरले आहेत. पाणी फार उतरले की बेट तीराला जोडले जाते आणि कुत्री, कोल्हे घरट्यांपर्यंत पोचतात. धरणातून एकदम पाणी सुटले तर घरटीच वाहून जातात. वाळूउपसा तर बंदी असूनही थांबलेला नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या परवीन शेख यांनी तीरावरच्या गावकऱ्यांनाच घरट्यांचे राखणदार केले. या कार्याबद्दल २०२५ साली त्यांना व्हिटली पुरस्कार मिळाला.

मी मुलांना खाली बसविले. दहा मिनिटांसाठी मी कशावर पाय ठेवणार होतो, या विचाराने मला लाज वाटली. दुर्बिणीतून आम्ही तासभर पाहिले. परतताना एका मुलीने विचारले, "सर, बेट पाहिले असे लिहू, की राहिले असे?" मी म्हटले, "पाहिले, आणि राहूही दिले, असे लिही."

श्रोतेहो, उन्हाळ्यात आपणही नदीकाठी जाल. वाळूवर पाऊल टाकण्यापूर्वी त्या भुंगेऱ्यासारखे क्षणभर थबका.