स्मृतिभ्रंश, जनुकोपचार आणि आपली सिद्धता

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)



‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी घरांत फार रुळली आहे. घरातील वडीलधारी व्यक्ती एकच प्रश्न दहादा विचारू लागली, गॅसवर दूध ठेवून विसरली, नेहमीच्या देवळातून परतताना वाट चुकली, तरी ‘आता वय झाले’ असे म्हणून सारे गप्प बसतात. वयाबरोबर थोडा विसराळूपणा येतो, हे खरे. परंतु रोजचे व्यवहार अडू लागावेत इतकी स्मृती आणि आकलनशक्ती ढासळते, तेव्हा तो मेंदूचा आजार असतो. त्याला स्मृतिभ्रंश अर्थात डिमेन्शिया म्हणतात आणि त्याचे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे अल्झायमर. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लक्ष व्यक्तींना हा विकार आहे.

‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात येतो. पण तेथे तो क्रोधातून उपजणाऱ्या विवेकनाशाविषयी आहे, मेंदूतील पेशींच्या ऱ्हासाविषयी नाही. शब्द प्राचीन आहे म्हणून आजाराचे उत्तरही आपल्याकडे तयार आहे, असे मानणे परंपरेचा गौरव ठरत नाही. उत्तर शोधावेच लागते. ते कसे शोधले जाते, किती काळ लागतो आणि त्याची काय किंमत मोजावी लागते, हे जनुकोपचाराच्या इतिहासातून समजून घेण्यासारखे आहे.

शयनगृहातील प्रयोगशाळा

या इतिहासाचा उगम इटलीतील तुरिन शहरात आहे. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने वंशविषयक कायदे केले आणि ज्यू अध्यापक-संशोधकांना विद्यापीठांची दारे बंद झाली. रिता लेव्ही-मोंताल्चिनी ही तरुण डॉक्टर त्यांपैकी एक. तिने आपल्या शयनगृहातच छोटी प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतील भ्रूणांवर चेतापेशींचा अभ्यास चालू ठेवला. बाँबवर्षाव वाढला तेव्हा कुटुंबाला खेड्यात आसरा घ्यावा लागला. प्रयोगशाळाही बरोबर गेली. युद्धानंतर अमेरिकेत सेंट लुईस येथे काम करताना तिने चेतापेशींना वाढवणाऱ्या आणि जगवणाऱ्या एका द्रव्याचा शोध लावला. स्टॅन्ली कोहेन यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’, संक्षेपाने एनजीएफ, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रथिनाच्या शोधासाठी दोघांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अल्झायमरमध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या, स्मरणाला साहाय्य करणाऱ्या काही चेतापेशी झिजत जातात. एनजीएफ त्यांना जगवू शकेल, हा विचार त्यातूनच पुढे आला. अडचण अशी की, हे प्रथिन रक्तातून मेंदूत शिरत नाही आणि मेंदूतील द्रवात सोडले तर वेदना होतात, वजन घटते. म्हणून संशोधकांनी युक्ती योजली. प्रथिनाऐवजी ते बनवण्याची आज्ञा, म्हणजेच जनुक, नेमक्या जागी पोहोचवायचे आणि औषधाचा कारखाना तेथेच उभा करायचा.

आशा आणि अपयश

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान दिएगो शाखेत मार्क तुशिन्स्की यांच्या चमूने २००१ मध्ये या पद्धतीची पहिली शस्त्रक्रिया केली. रुग्णाच्याच त्वचेतील पेशी घेऊन त्यांत एनजीएफचे जनुक घातले गेले आणि त्या पेशी मेंदूत रोवण्यात आल्या. एकूण आठ रुग्णांनी या चाचणीत भाग घेतला. सुरुवातीला रुग्णांना पूर्ण भूल दिली जात नव्हती. दोन रुग्णांनी शस्त्रक्रियेच्या वेळी हालचाल केल्यामुळे मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्यांपैकी एक पुढे दगावला. नंतरच्या शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन झाल्या. २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बुद्धीच्या ऱ्हासाचा वेग मंदावल्याची चिन्हे त्यांत होती आणि जगभर आशा पालवली.

मात्र इतक्या थोड्या रुग्णांवरून निर्णय देता येत नाही. म्हणून दुसऱ्या टप्प्यात ४९ रुग्ण निवडले गेले. आता जनुक वाहून नेण्यासाठी निरुपद्रवी केलेला विषाणू वापरण्यात आला. काहींना खरा उपचार मिळाला. इतरांवर केवळ दिखाऊ शस्त्रक्रिया झाली, त्यांच्या मेंदूत काहीही सोडले नाही. दोन वर्षे निरीक्षण झाले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल स्पष्ट होता : उपचार सहन होण्याजोगा आहे, पण दोन्ही गटांच्या स्मृतीत आणि बुद्धीत फरक नाही.

येथे बहुतेक गोष्टी संपतात. ही संपली नाही, कारण चाचणीत सहभागी झालेल्या काहींच्या मेंदूंचा मृत्यूनंतर अभ्यास होऊ शकला. पहिल्या चाचण्यांतील रुग्णांच्या मेंदूंत चेतापेशींनी एनजीएफला प्रतिसाद देऊन नवे तंतू फुटल्याचे २०१५ मध्ये दिसून आले होते. दुसऱ्या टप्प्याच्या मेंदूंविषयी २०२० मध्ये कळले ते असे की, जनुक अपेक्षेइतके पसरले नाही आणि ज्या पेशींना ते हवे होते त्यांच्यापर्यंत नीट पोहोचलेच नाही. कल्पना खोटी ठरली नव्हती. तिची खरी परीक्षाच झाली नव्हती.

हे ज्ञान ज्यांच्यामुळे लाभले, त्या रुग्णांना स्वतःला त्याचा काही उपयोग होणार नव्हता. दधीचीच्या अस्थिदानाची कथा सांगणाऱ्या समाजाला या दानाचे मोल वेगळे सांगावे लागू नये.

त्या धड्यावरूनच पुढचे पाऊल पडले. २०२१ मध्ये त्याच विद्यापीठाने बीडीएनएफ या दुसऱ्या वाढ-प्रथिनाच्या जनुकाची छोटी मानवी चाचणी जाहीर केली. या वेळी लक्ष्य आहे, अल्झायमर जेथे लवकर घाव घालतो तो स्मृतीशी निगडित भाग. जनुक कोठे पसरते आहे, हे शस्त्रक्रिया चालू असतानाच एमआरआयवर पाहिले जाते. दुसरीकडे, अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या एपीओई-४ जनुकाच्या दोन प्रती असलेल्यांना संरक्षक एपीओई-२ देण्याचेही प्रयोग झाले आहेत. ही सारी वाटचाल प्राथमिक टप्प्यातील आहे. गमावलेली स्मृती परत आणणारा जनुकोपचार आज जगात कोठेही उपलब्ध नाही.

भारताचे स्वतःचे पाऊल

मग भारताने वाट पाहत बसावे काय? हरियाणातील बल्लभगढच्या ग्रामीण भागात झालेल्या भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासात अल्झायमरचे प्रमाण पेनसिल्व्हेनियातील तुलनेच्या गटापेक्षा बरेच कमी आढळले आणि एपीओई-४ चे प्रमाणही कमी होते. यावरून फुशारकी मारण्याचे कारण नाही. बोध एवढाच की, परक्या लोकसंख्येवर बेतलेले उत्तर भारतीयांना जसेच्या तसे लागू पडेल असे नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्राने कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपुरा परिसरात ग्रामीण नागरिकांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे, तो याच गरजेतून.

किमतीचा प्रश्नही आहे. लहान मुलांच्या स्नायुविकारावरील एका जनुकोपचाराची किंमत २०१९ मध्ये अमेरिकेत २१ लक्ष डॉलरहून अधिक ठरली. असा उपचार मध्यमवर्गीय घराला स्वप्नातही परवडणारा नाही. पण आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून रक्ताच्या कर्करोगावरील स्वदेशी जनुकाधारित पेशी-उपचार सिद्ध झाला, त्याला २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि तो परदेशातील किमतीच्या साधारण दशांशात उपलब्ध झाला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हिमोफिलियाच्या पाच रुग्णांवर केलेल्या यशस्वी जनुकोपचाराचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूचा प्रश्न याहून कितीतरी अवघड आहे. तरीही स्वदेशीचा खरा अर्थ असे कष्टसाध्य ज्ञान आपल्या भूमीत उभे करणे हाच आहे.

उपचार येईपर्यंत

तोवर दोन पथ्ये पाळावीत. पहिले : स्मृती परत आणून देतो म्हणून लाखो रुपये मागणाऱ्यांपासून सावध राहावे. प्रयोगाधीन उपचार हा विकण्याचा माल नव्हे. भारतातील चाचण्यांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ येथे असते. तेथे नाव नाही आणि हातात पावतीपुस्तक आहे, अशा दारातून मागे फिरावे. विसरभोळेपणा वाढताच मात्र डॉक्टरांना अवश्य दाखवावे. थायरॉइडचा विकार, बी-१२ ची कमतरता किंवा नैराश्य यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात आणि त्यांवर उपाय आहेत.

दुसरे पथ्य कुटुंबाचे. आपल्या कुटुंबव्यवस्थेचा अभिमान व्यासपीठावरून सांगितला जातो. घरात मात्र रुग्णाची रात्रंदिवस शुश्रूषा एकटी सून किंवा एकटी मुलगी करते आणि तिच्या थकव्याची कोणी चौकशी करीत नाही. ही व्यवस्था कुटुंबाची नाही, एकाच व्यक्तीच्या खांद्यांची आहे. मुलगे, जावई, नातवंडे यांनी वेळा वाटून घ्याव्यात. वस्तीतील स्वयंसेवकांनी आठवड्यातून दोन तास रुग्णाजवळ बसण्याचे ठरवले, तरी ती गृहिणी मोकळा श्वास घेईल. सेवाकार्यासाठी दूर जाण्याची गरज नाही, ते शेजारच्या दारातही वाट पाहत असते.

जनुक कधी काळी योग्य पेशीपर्यंत पोहोचेल. त्यासाठी तज्ज्ञांची आणखी एखादी पिढी खपेल. आपल्या आईला मुलाचे नाव आठवत नसेल, तर त्या मुलाने तिचे नाव, तिच्या आवडीनिवडी आणि तिचा मान आठवणीत ठेवावा. एवढे करण्यासाठी कोणत्याही शोधाची वाट पाहावी लागत नाही.