अटी नाचणाऱ्याच्या



संमेलनाच्या अध्यक्षाने आधी आभार मानावेत, मग आपण या पदाला कसे पात्र नाही ते विस्ताराने सांगावे, असा रिवाज आहे. समोर नृत्यशिक्षक आणि वादक बसलेले असताना तो पाळण्यात अर्थ नाही. दोन्ही जमातींना उशिरा सुरू होणारी गोष्ट आवडत नाही.

बॉलरूमचे संगीत आता यंत्र रचू लागले आहे. या बातमीने काहीजण हरखले आहेत, काहींना धडकी भरली आहे. खरे तर बातमी पावणेतीनशे वर्षे जुनी आहे. १७५७ साली योहान फिलिप किर्नबर्गर या संगीतकाराने बर्लिनमध्ये एक पुस्तिका छापली. फासे टाकायचे, जो आकडा पडेल त्याप्रमाणे तक्त्यातून एकेक आवर्तन उचलायचे आणि ओळीने लिहून काढायचे, की मिन्युएट किंवा पोलोनेझ तयार. संगीताचे ज्ञान नसले तरी चालेल. पुढे १७९० च्या दशकात असाच एक खेळ मोझार्टच्या नावावर खपवला गेला. दोन फासे, सोळा आवर्तने आणि प्रत्येक जागी अकरा पर्याय. तो खरोखर मोझार्टचाच, हे काही सिद्ध झालेले नाही. नाव मात्र विक्रीला उपयोगी पडले असणार.

फाशांना नाचाचे संगीतच का जमले? कारण त्याचा साचा ठरलेला होता. कुठे चाल उठवायची, कुठे थांबायचे, किती आवर्तनांनी वळायचे, हे नाचणाऱ्यांनी आधीच ठरवून टाकले होते. किर्नबर्गरने तो साचा तक्त्यात पक्का बसवला आणि फक्त सुरावट नशिबावर सोडली. आजच्या यंत्राचे नेमके उलटे आहे. सुरावट त्याला सहज येते, साचा हातून निसटतो.

२०२३ मध्ये गुगलने म्युझिकएलएम आणि मेटाने म्युझिकजेन ही लिहिलेल्या सूचनेवरून संगीत रचणारी यंत्रे पुढे आणली. त्याच वर्षाच्या अखेरीस सुनो सर्वांच्या हाती आले आणि एप्रिल २०२४ मध्ये युडिओ. ‘संथ वॉल्ट्झ, व्हायोलिन आणि पियानो, गाणे नको’ एवढे लिहिले की चहा गार होण्याआधी चीज तयार. ऐकायला गोडही असते. पंचाईत होते ती जोडी फ्लोअरवर उतरल्यावर.

जागतिक नृत्यक्रीडा महासंघाच्या नियमांत वॉल्ट्झला मिनिटाला २८ ते ३० आवर्तने लागतात, स्लो फॉक्सट्रॉटलाही तेवढीच. रुंबाला २५ ते २७, क्विकस्टेपला ५० ते ५२, व्हिएनीज वॉल्ट्झला ५८ ते ६०. यंत्राला आवर्तनांची भाषा फारशी उमगत नाही, मात्रा सांगाव्या लागतात. वॉल्ट्झच्या २९ आवर्तनांच्या ८७ मात्रा, क्विकस्टेपच्या ५० च्या २००. आकडा लिहून दिला तरी तो सूचनेसारखा घेतला जातो, हुकमासारखा नाही. त्यातही २०० मात्रा सांगितल्या तर यंत्र १०० च्या अंगाने चालणारे काहीतरी देऊ शकते. कानाला दोन्ही एकमेकांत बसतात, पायांना बसत नाहीत.

म्हणून ज्या शिक्षकाला हे संगीत वर्गात वापरायचे आहे त्याने आधी घड्याळ लावावे. प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर बोट टेकवत मिनिटभर मोजावे. वॉल्ट्झमध्ये ३१ भरली तर २९ वर आणण्यासाठी वेग साधारण साडेसहा टक्के उतरवावा लागतो. सूर न बदलता तो उतरवणारी साधने घरच्या संगणकावरही मिळतात. मग पुन्हा मोजावे, या वेळी सुरुवातीचे अर्धे मिनिट आणि शेवटचे अर्धे मिनिट वेगवेगळे. शेवटी आठ-आठ आवर्तनांचे गट पुरे होतात का ते पाहावे. सातव्या आवर्तनावर चाल संपवून मोकळे होणे किंवा मध्येच दोन मात्रा उगाच घुसवणे ही यंत्राची नेहमीची खोड. नवशिक्या जोडीला ती लक्षातही येत नाही. ‘आपलेच पाऊल चुकले’ असे समजून ती बिचारी एकमेकांवर चिडते.

काही गोष्टी घड्याळातही सापडत नाहीत. व्हिएन्नाचे वादक वॉल्ट्झची दुसरी मात्रा किंचित आधी घेतात आणि तिसरीला श्वास घ्यायला जागा ठेवतात. १८६७ मध्ये प्रथम वाजलेला योहान श्ट्राउसचा ‘ब्लू डॅन्यूब’ तिथला वाद्यवृंद वाजवतो तेव्हा हे स्पष्ट ऐकू येते. तिन्ही मात्रा समान अंतरावर मांडल्या की वॉल्ट्झ बरोबर होतो आणि झोकही जातो. ध्वनिमुद्रणे ऐकून शिकलेले यंत्र कधी तो झोक पकडते, पण मागितला म्हणून देईलच असे नाही. पासो डोब्लेची गत आणखी बिकट. पास्कुआल मार्किना यांच्या ‘एस्पान्या कान्यी’तले तीन चढ ठरलेल्या जागी येतात आणि जगभरच्या जोड्यांनी आपली रचना त्या जागांवर बेतली आहे. यंत्राला तीन चढ सांगितले तर तीन येतील, दोन येतील, नाहीतर पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळा चढच येईल.

अशा वेळी व्हिक्टर सिल्व्हेस्टर आठवावा. १९२२ मध्ये फिलिस क्लार्कसह जागतिक बॉलरूम स्पर्धा जिंकलेला हा इंग्रज नर्तक. बाजारातल्या तबकड्या नाचायला कामाच्या नाहीत म्हणून १९३५ मध्ये त्याने स्वतःचा वाद्यवृंद काढला. वेग काटेकोर, चाल स्पष्ट, वादकाची मनमानी नाही. जॅझचे शौकीन त्याला नाके मुरडत. त्याच्या तबकड्या कोट्यवधींनी खपल्या आणि बीबीसीवर तो वर्षानुवर्षे वाजत राहिला. तक्रार करत बसण्यापेक्षा नाचणाऱ्यानेच संगीताला अटी घातल्या, हे त्याचे मोठेपण. यंत्राच्या बाबतीतही तेच करायला हवे. साधने विकणाऱ्यांना रुंबा आणि चा-चा-चा यांतला फरक कळण्याची वाट पाहण्यात हशील नाही.

आता वादकांविषयी. मुंबईच्या हॉटेलांतली बॉलरूम गाजवली ती बव्हंशी गोव्याच्या वादकांनी. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट ताजमध्ये वाजवायचा आणि सी. रामचंद्रांचे संगीत असलेल्या ‘अलबेला’ चित्रपटात, १९५१ मध्ये, बँडसह पडद्यावरही झळकला. तो भाग्यवान. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या संयोजकांनी हिंदी चित्रपटांना वाद्यवृंद दिला, पण अशांची नावे श्रेयनामावलीत क्वचितच आली. आजचे यंत्रही अशाच निनावी वादकांच्या कमाईवर शिकले आहे. जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी सुनो आणि युडिओवर दावे लावले. इंटरनेटवर उघड मिळणारे संगीत शिकवणीसाठी वापरल्याचे सुनोने उत्तरात नाकारले नाही, तो न्याय्य वापर असल्याचा बचाव केला. पुढे काही कंपन्यांनी समझोते केले. त्यातून फॉक्सट्रॉटमध्ये सॅक्सोफोन फुंकणाऱ्याच्या हाती काय पडेल, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, १९९४ च्या दुरुस्तीनंतर, संगणकाने तयार केलेल्या कृतीचा कर्ता ती घडवून आणणारी व्यक्ती मानली जाते. ही दुरुस्ती सुनोच्या कितीतरी आधीची आहे. दोन ओळी लिहून बटण दाबणारा त्या अर्थाने संगीतकार ठरतो का, यावर वकिलांनी भांडावे. वर्गचालकांनी निदान एवढे वाचावे की सुनोच्या फुकट योजनेतली चीज धंद्यासाठी वापरता येत नाही.

सरावाच्या वर्गाला यंत्राचे संगीत चालेल. नवशिक्यांना संथ वेग, गाणे नसलेली चाल आणि तोच ठेका पुन्हा पुन्हा हवा असतो, आणि तेवढे यंत्र बरे देते. स्पर्धेच्या फ्लोअरवर आणि गोव्यातल्या लग्नाच्या पहिल्या वॉल्ट्झला ते नको. तिथे वादक जोडीकडे बघून वाजवतो, नवरीच्या घोळात पाय अडकला तर एक आवर्तन जास्त घेतो.

शेवटच्या सत्रात ठराव येणार आहे: यंत्राने केलेल्या प्रत्येक चिजेवर तसे स्पष्ट लिहावे, सोबत मोजलेली आवर्तने छापावीत आणि स्पर्धांच्या प्रवेशशुल्कातला ठरावीक वाटा जिवंत वाद्यवृंदासाठी राखून ठेवावा. नृत्यशिक्षकांनी वादकांशी बोलून मगच त्यावर हात वर करावा, एवढी विनंती.